एका पट्ट्यावर दोन घड्याळं

या, पुढं सरका जरा. माझ्या टेबलावरचा दिवा तेवढा लांब पोचत नाही, आणि समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही. बसलात? आता आधी बोलणी खा, मग चहा.

दर दिवाळीला कपाट आवरायला काढता. खालच्या कप्प्यात साड्यांच्या घड्यांखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. त्यात शाळेचे दाखले, एखादं सुटं पैंजण आणि एक बंद पडलेलं घड्याळ. वडलांचं नाहीतर आजोबांचं. ते हातात घेता, हलवता, कानाला लावता, "बंदच आहे की," म्हणता आणि परत डब्यात ठेवता. पुढल्या दिवाळीला पुन्हा तेच. अहो, घरातल्या आजारी माणसाला असं डब्यात घालून ठेवाल का? दवाखान्यात न्याल ना? मग?

माझा दवाखाना उंब्रजला, बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाला चिकटून. मी आडवी झाले तर पाय रस्त्यावर येतील एवढंच दुकान. गावात मला घड्याळवाल्या आक्का म्हणतात. पोस्टातून पत्र आलं तरी त्याच नावानं येतं.

मला कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा शिवणाचं मशीन घेऊन आले होते. घरात एक गजराचं घड्याळ होतं, ते बंद पडलं. मशीनच्या डब्यातला छोटा पाना घेतला आणि उघडलं. पुसलं, तेलाचा थेंब सोडला, परत बसवलं. एक स्क्रू शिल्लक राहिला, पण घड्याळ चाललं! तो स्क्रू मी अजून ठेवलाय. बाजारादिवशी कऱ्हाडचे एक म्हातारे घड्याळजी लिंबाखाली पेटी मांडून बसायचे. त्यांना चहा नेऊन द्यायचा आणि तिथंच उकिडवं बसायचं. ते म्हणायचे, "काय बघतीस गं एवढं?" मी म्हणायची, "तुमचा हात बघती." त्यांनी हाकललं नाही, एवढंच माझं शिक्षण.

घड्याळ म्हणजे काय, तर चावी दिली की आत एक पट्टी गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते, चाकं फिरवते. त्या चाकांना एकदम पळू न देणारं एक चाक असतं, ते इकडून तिकडं डोलत राहतं. त्याला केसाहून बारीक स्प्रिंग असते. टिकटिक ऐकू येते ती त्याची. सगळं खोलून पेट्रोलनं धुवायचं, पुसायचं, सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल सोडायचं आणि जिथलं तिथं बसवायचं. काम सोपं आहे. शिंक मात्र आवरता आली पाहिजे. एकदा मी शिंकले आणि एक चाक उडालं, ते तिसऱ्या दिवशी माझ्याच अंबाड्यात सापडलं.

आणि आमच्या धंद्याची एक चाल आहे, गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. काम झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण ओरखडायची. तारीख आणि आपलं चिन्ह. माझं चिन्ह म्हणजे एक छोटं गोल, बांगडीसारखं. म्हणजे पुढं कुणीही उघडलं तरी कळावं, हे घड्याळ कुणाच्या हाताखालून गेलंय. चांगलं काम केलं असलं तरी तिथं सापडायचं आणि घाण केली असली तरी तिथंच.

माझी एक घाण सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सुरुवातीच्या वर्षांत कोयनानगरहून एक बाई आल्या. त्यांचे मालक धरणावर कामाला होते, ते नुकतेच गेलेले. त्यांचं घड्याळ चालत चालत मधेच थांबायचं. मी खोललं, धुतलं, बसवलं. आठ दिवसांनी परत बंद. पुन्हा आणलं, पुन्हा केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्या घाटातनं बस बदलत आल्या. माझ्या दुकानापुढं चार माणसं उभी होती, आणि बाईमाणूस घड्याळं करतंय म्हणून अर्धी तर नुसती बघायलाच आलेली. मला लाज वाटली. दोष सापडत नाही असं म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "बाई, हे घड्याळ संपलं. आता न्हाई व्हायचं." त्यांनी ते पदरात बांधलं आणि गेल्या.

पुढं काही महिन्यांनी तसलंच दुसरं घड्याळ आलं, तसंच मधेच थांबणारं. या वेळी हटूनच बसले. भिंग डोळ्याला लावून अख्खी दुपार बघत होते. चाकाच्या दोन दातांत कापडाचा एक तंतू अडकलेला, पापणीच्या केसाएवढा. चाक त्या जागेला आलं की अडायचं. मी दुकान बंद केलं आणि तशीच कोयनानगरला गेले. घर शोधून काढलं. बाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, "ते घड्याळ द्या, मला दोष कळलाय." त्या म्हणाल्या, "आक्का, तुमीच संपलं म्हनाला न्हवं? मी ते नदीत सोडलं. ह्यांच्या अस्थी जिथं सोडल्या तिथंच."

रागावल्या नाहीत हो. चहा करून दिला. तो मला आजपर्यंत गिळता आलेला नाही.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात एक नेम आहे. "संपलं" म्हणायचं नाही. "मला येत नाही" म्हणायचं. दोन्ही ऐकायला सारखी वाटतात, पण एकात घड्याळाचा दोष आहे आणि दुसऱ्यात माझा. मला येत नसलं तर दुसऱ्या कुणाला येत असेल. चाळीस वर्षं होत आली, तो नेम मोडला नाही. कितीतरी घड्याळं मी सांगलीला, कऱ्हाडला दुसऱ्याकडं धाडली. पण "संपलं" म्हटलं नाही.

आता तुमच्या आवडीचा प्रश्न. "आक्का, स्मार्ट घड्याळ घेऊ का साधं?" दिवसातनं दोघं-तिघं विचारतातच. त्यांना वाटतं मी स्मार्टचं नाव काढलं की बोटं मोडीन. मी कशाला मोडू? त्यांचे पट्टे, काचा मीच बदलते. पावलं मोजतं, नाडी बघतं, गोळीची आठवण करतं, लेकीचा फोन आला की मनगट थरथरवतं. चांगलं आहे की! फक्त ते रोज खायला मागतं, आणि त्याची आयुष्याची दोरी फोनएवढीच. आत सगळं चिकटवलेलं, बिघडलं तर मला उघडता येत नाही. मी सरळ सांगते, "मला येत नाही." चावीचं घड्याळ तुमच्या नातवापर्यंत जाईल, पण तुम्ही पडलात तर कुणाला हाक मारणार नाही. म्हणून मी उलटं विचारते, तुमचं मनगट दिवसभर काय करतं? फावडं धरतं, का स्टिअरिंग धरतं, का नुसतं सोफ्यावर पडून असतं? त्यावर ठरवा. शेजाऱ्याच्या मनगटावर ठरवू नका.

आणि दोन्ही घेतलीत तर ती शेजारी शेजारी झोपवू नका. हे मला एका गुरुजींनी शिकवलं. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. घड्याळ घेऊन आले. "आक्का, गेला महिनाभर मी शिपायाच्या आधी शाळेत पोचतोय. फाटकाबाहेर उभा असतो. पोरं म्हणतात, गुरुजींना घरात घेत न्हाईत वाटतं." रोज रात्री बरोबर लावलं तरी घड्याळ तासाला दोन-तीन मिनिटं पुढं पळत होतं. खोललं तर ती केसासारखी स्प्रिंग स्वतःलाच चिकटलेली. लोहचुंबक लागल्याशिवाय असं होत नाही. मी म्हटलं, "गुरुजी, घरात नवं काय आलंय?" तर मुलानं स्मार्ट घड्याळ दिलेलं. ते चार्ज करायची चकती टेबलावर, आणि हे बिचारं रोज तिच्याच कुशीत. त्या चकतीत चुंबक असतो. यंत्रावर धरून घड्याळाला लागलेलं चुंबकपण घालवलं, दोन मिनिटांचं काम. गुरुजी म्हणाले, "म्हणजे बिघडलं न्हवतं?" मी म्हटलं, "न्हाई वो, वाईट संगत लागली हुती."

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

आमच्या शेजारच्या गावचे बापू. फौजेतनं हवालदार होऊन आलेले. बायको नाही, एकच मुलगी सुजाता, ती सांगलीला दवाखान्यात नर्स. बापू मळ्यातल्या घरात एकटे, ऊस आणि एक म्हैस. त्यांचं चावीचं घड्याळ भरतीनंतरच्या पहिल्या सुट्टीत घेतलेलं. वर्षाआड ते स्वतः आणायचे. झाकण उघडलं की माझ्या अकरा बांगड्या दिसतात, आणि त्यांच्या आधीच्या दोन खुणा परक्या लिपीतल्या, कुठल्या कुठल्या थंड मुलखातल्या घड्याळजींच्या.

मागच्या वर्षी घड्याळ घेऊन सुजाता आली. एकटीच. डोळे सुजलेले. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, एक काम करा माझं. बापूंना सांगा, हे घड्याळ संपलं."

मी म्हटलं, "काय झालंय त्याला? चालतंय की."

"चालतंय म्हणूनच सांगते." आणि मग तिनं सगळं सांगितलं. बापूंना अधनंमधनं चक्कर येते. म्हणून तिनं त्यांना स्मार्ट घड्याळ आणून दिलं. माणूस पडलं की ते आपोआप फोन लावतं, आणि बाजूचं बटण दाबून धरलं तरी लावतं. त्यांचा फोन तेवढा खिशात पाहिजे. पहिल्याच महिन्यात तीन वेळा तिला फोन आला. तीन वेळा ती ड्युटी सोडून, मिळेल त्या गाडीनं, जीव मुठीत धरून मळ्यात आली. तिन्ही वेळा बापू ठणठणीत, एकदा तर म्हशीखाली धार काढत बसलेले. तिसऱ्यांदा ती चारचौघांत बोलली त्यांना. बापूंनी ते घड्याळ काढलं आणि खुंटीला टांगलं. म्हणाले, "असल्या खोटं बोलनाऱ्याला मी पहाऱ्यावर ठेवत न्हाई."

त्यानंतर महिन्याभरातच ते खरोखर पडले. उसाला पाणी पाजताना सकाळी पडले ते दुपार कलेपर्यंत तिथंच. वैरणीला आलेल्या एका बाईला पाय दिसले. घोटा मोडलेला, अंग थंड पडलेलं.

"मावशी, जरा उशीर झाला असता तर..." तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, "हे घड्याळ हातात आहे तोवर ते दुसरं बांधणार नाहीत. फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही संपलं म्हटलं की संपलं. एवढं खोटं बोला माझ्यासाठी."

काय सांगू तुम्हाला. पोरगी खरं बोलत होती. माझ्या एका शब्दानं तिचा बाप वाचणार होता, आणि तो शब्द मी कधीच्या काळी कोयनेच्या काठावर टाकून आले होते. हातात ते घड्याळ टिकटिक करतंय. मी म्हटलं, "सुजे, हे मला न्हाई जमायचं. पण तू बापूंना घेऊन ये. आणि ते खुंटीवरचंपण चार्ज करून आन."

ती रागावली. "तुम्हाला घड्याळाचीच पडलीय," म्हणाली. पण आठ दिवसांनी रिक्षातनं घेऊन आली. बापू काठी टेकत आत आले, स्टुलावर ताठ बसले. सुजातानं माझ्याकडंच ठेवलेलं त्यांचं घड्याळ मी पुढं केलं. त्यांनी ते बांधलं. मी बघत राहिले. अकरा वेळा ते घड्याळ माझ्याकडं येऊन गेलं, पण बापू ते मनगटावर कसं बांधतात हे मी कधी बघितलंच नव्हतं, डोळा नेहमी भिंगात!

डायल आत. नाडी बघतात त्या बाजूला.

"बापू, असं उलटं का वो?"

"उलटं कुठलं? असंच असतंय. काच वर ठेवली तर उन्हात चमकती, लांबनं दुश्मनाला दिसती. आन् बंदूक धरली असली तर हात न वळवता टाइम कळतो. फौजेत समदे असंच घालत्यात."

"आन् हे?" मी स्मार्ट पुढं केलं. "हे कसं घालत हुता? दावा घालून."

त्यांनी दुसरं काढलं, हे बांधलं. डायल आत. मी टेबलाखालची छत्री त्यांच्या हातात दिली. "हे खोरं समजा. पाट मोडा बघू."

बापूंनी दोन्ही हातांनी छत्री धरली, वाकवली. मनगट मुडपलं, छत्रीचा दांडा त्या बाजूच्या बटणावर दाबून बसला. एक, दोन, तीन... आणि सुजाताच्या पर्समधला फोन ओरडायला लागला.

तिनं तो काढून बघितला, बापूंचंच नाव. मग सुजाता आधी हसली आणि मग रडली. "बापू, मी तुम्हाला किती बोलले!"

बापू त्या घड्याळाकडं बघत होते. "म्हंजे ह्ये खोटं बोलत न्हवतं."

"न्हाई," मी म्हटलं. "तुमी त्याचा गळा दाबत हुता, ते बिचारं बोंबलत हुतं."

सुजाताचं म्हणणं, आता प्रश्न मिटला, ते बाहेरच्या बाजूला बांधा. पण बापूंनी हात मागं घेतला. "आन् माझं? उजव्या हातात बांधू? दोन हातांत दोन घड्याळं, लगीनघरातला नवरदेव म्हनतील मला. पोरी, हे माझ्या हातावर बर्फात चालत हुतं. तुझी आई गेली तवा ह्यातच वेळ बघितली मी. हे उतरवायचं न्हाई."

मी म्हटलं, "उतरवू नका. हात पुढं करा."

माप घेतलं. शिवणाच्या मशीनवर, ज्याच्या पान्यानं मी पहिलं घड्याळ उघडलं त्याच मशीनवर, जाड कॅनव्हासचा रुंद पट्टा शिवला. वरच्या बाजूला, हाताच्या पाठीवर, स्मार्ट. त्याच्या पोटातला हिरवा दिवा कातडीला टेकायला पाहिजे म्हणून पट्ट्याला गोल भोक पाडलं. आतल्या बाजूला, फौजी रीतीनं, चावीचं. दोघांच्या पाठी एकमेकांकडं, आणि मधे बापूंचं मनगट. दोन्हींना टिचबटणं लावली, वेगवेगळी निघावीत म्हणून. आणि गुरुजींची गोष्ट सांगून ताकीद दिली, "बापू, सकाळी सहाला ह्याला चावी देता, तवाच त्याला चार्जिंगला लावा, आंघोळ-चहा होईस्तोवर. दोघांची वैरन एकाच वेळंला. पन गोठं लांब लांब. एक खिडकीत, एक देव्हाऱ्यात."

बापूंनी मूठ वळून सोडून बघितली. हात पालथा केला, उताणा केला. "दोन संत्री झाले की माझे," म्हणाले. "एक भायेर बघतोय, एक मला बघतोय." संत्री म्हणजे पहारेकरी, बरं का.

सुजाता जाताना माझ्या पाया पडली नाही. "घड्याळाचीच पडलीय" म्हणाल्याचं तिच्या मनात होतं. नुसता हात धरून उभी राहिली. तेवढं पुरे झालं मला.

यंदा पावसाळा सरता सरता बापू पुन्हा पडले. पाट फुटला होता, तो बांधायला गेले आणि चक्कर येऊन पाण्यातच आडवे झाले. तोंड काठावर होतं आणि फोन छातीच्या खिशात, म्हणून बरं. वरच्या घड्याळानं त्यांना विचारलं असणार, ठीक आहात का. ते काही बोलले नाहीत. मग त्यानं सांगलीला हाक मारली. सुजातानं बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला फोन केला. पंधरा मिनिटांत माणसं उसात पोचली. सुजाता सांगते, दवाखान्यात त्यांच्या हातावरनं पट्टा काढू देईनात, कात्री घेतली तर ओरडले, "आक्कांनी शिवलाय त्यो!"

दिवाळीच्या आधी बापू आले. काठी नाही, लेकीचा हात धरून. रुमाल टेबलावर ठेवला आणि सोडला. चावीचं घड्याळ. काचेच्या आत चिखलाचं पाणी सुकून नकाशा झालेला, काटे दहा वीसला थांबलेले.

"वरचं वाचलं," बापू म्हणाले. "ह्यो मातूर माझ्यासंगं बुडाला." मग थोडा वेळ ते रुमालाच्या घडीशी खेळत बसले. "सुजीनं मला समदं सांगितलं. गेल्या साली तुमच्याकडनं काय वदवून घ्यायला आली हुती ते." सुजाता जमिनीकडं बघत होती. "म्हनून इचारतो, आक्का. तुमी खोटं न्हाई बोलनार. संपलं का वो?"

मी भिंग लावलं. झाकण उघडलं. गंज चढलेला, दोन चाकांवर तर पार लाल. स्प्रिंग चिखलात रुतलेली. माझ्या बांगड्या मात्र तशाच, धुऊन काढल्यासारख्या. मी बराच वेळ बघितलं. घाई केली नाही. बोटांना आता पूर्वीसारखं बळ नाही, आणि उगीच आशा लावणं हेही खोटंच की.

मग भिंग काढलं आणि म्हटलं, "बापू, मला येतंय."

चार दिवस लागले. एक चाक मला माझ्या जुन्या डब्यातनं द्यावं लागलं, बाकी सगळं त्यांचंच. काल संध्याकाळी झाकण लावायच्या आधी सुई घेतली आणि बारावी बांगडी काढली. शेजारी अजून जागा आहे. आता ते माझ्यासमोर खिळ्याला टांगलंय, दोन दिवस चालवून बघते, मग बापू येतील न्यायला.

तर आता उठा आणि तो पत्र्याचा डबा काढा. घड्याळाला चावी देऊन बघू नका, जोर लावू नका, रुमालात गुंडाळा आणि आणा. कुठलं घ्यावं हा घोळ असला तरी या, मी तुमचं मनगट बघून सांगेन. येत असलं तर येतंय म्हणेन, नसलं तर मला येत नाही म्हणेन. तिसरं काही माझ्या दुकानात ऐकायला मिळणार नाही. उंब्रजला उतरलात की घड्याळवाल्या आक्का कुठं, एवढंच विचारा. स्टूल मोकळं आहे, पण डोळे आता दुपारीच दगा देतात. म्हणून सकाळी या, आणि जरा लवकर या.